कॅलेंडरकडे बघून दिलेली सुई

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
८ जानेवारी

मायना काय घालावा ते सुचत नाही, म्हणून घातलाच नाही. लग्न होऊन चौतीस वर्षं झाली, पण तुम्हाला हाक काय मारायची ते मला कुणी सांगितलं नाही, कारण ती मारायचीच नव्हती. मी तुमच्या धाकट्या भावाची बायको, तुम्ही मोठे दीर. तुम्ही ओसरीवर आलात की डोक्यावरचा पदर पुढं ओढून मी आत. काही सांगायचं झालं तर आमच्या पोराला, ऋतुराजला, पुढं करायचं, "जा, मोठ्या बाबांना सांग." आता ऋतुराज तुमचं नाव काढू देत नाही, आणि यांचा फोन तुम्ही उचलत नाही. मग मीच उरले. पोस्टानं पाठवते आहे, यांना ठाऊक नाही.

अक्षर वाकडं आहे, कारण पालथी पडून लिहिते आहे. बसता येत नाही.

दिवाळीनंतर कापसाचं गाठोडं उचलताना कमरेत उसण भरली आणि हे मला तुमच्या दवाखान्यात घेऊन आले. तुम्ही सुई दिली. सुई आत गेली तेव्हाच आग झाली, जीव कळवळला. दुसऱ्या दिवशी तिथं जाळीसारखं निळं उमटलं. यांच्या तोंडी निरोप धाडला, तुम्ही यांच्याच तोंडी उलट निरोप दिलात, "होतं तसं, मिठाचा शेक द्या." दिला शेक. मग ते काळं पडलं, ताप भरला आणि ऋतुराज मला इथं घेऊन आला. काळं झालेलं सगळं कापून काढलं. आता तिथं खड्डा आहे. जागेचं नाव मी लिहिणार नाही. तुम्हाला ती माहीत आहे. म्हणजे, माहीत असायला हवी.

मोठ्या डॉक्टरांनी या दुखण्याचं एक विलायती नाव सांगितलं. म्हणाले, क्वचित होतं, चांगल्या हातूनही होतं, औषध रक्ताच्या नळीत किंवा तिच्याजवळ गेलं की तिथलं मांस रक्तावाचून मरतं. हे मी तुम्हाला मुद्दाम कळवते आहे. ऋतुराजनेही ते ऐकलं, पण त्याच्या कानात शिरलं नाही.

आता मला रोज काचेच्या नळीत घालतात. चेंबर म्हणतात. माणूस आत सरकवायचा, दार आवळून लावायचं आणि आत दाबानं ऑक्सिजन सोडायचा. कानांना असे दडे बसतात की आवंढे गिळून घसा दुखतो. त्यानं मेलेल्या जागेच्या कडेला नवं रक्त धरतं म्हणे. डॉक्टर म्हणाले, "खात्री देत नाही, पण मदत होईल. खड्डा भरला तर ठीक, नाहीतर मांडीची कातडी काढून लावू." एवढ्यावर गाडी अडली आहे.

दवाखान्याला तुम्ही कुलूप घातलंत असं कळलं. आपल्या देवगावच्या बाया आता दुखण्याखुपण्याला कन्नडला जातात का?

भेटायला येणारे विचारतात, कुठं लागलं? मी सांगते, पाठीला. सगळ्या गावात माझी पाठच दुखते आहे.

दगडाबाई

१५ जानेवारी

काल संक्रांत झाली. तुम्हाला तिळगूळ पाठवावा की नाही या विचारात दिवस गेला. शेवटी नाही पाठवला. गोड बोला म्हणायची माझी सध्या तयारी नाही.

भोगीला मी एक घोळ घातला. सकाळी उठून तीळ वाटले, अंगाला चोळले, केसांना लावले, आईनं शिकवलं तसं. 'न खाई भोगी तो सदा रोगी' म्हणतात, आणि मी आधीच रोगी, म्हटलं अजून पाप नको. तशीच चेंबरला गेले. तिथल्या करुणा सिस्टरनी केसाला बोट लावलं आणि कपाळावर हात मारला. "मावशी, तेल? आत नुसता ऑक्सिजन असतोय. एक ठिणगी पडली तर तुमी बी गेल्या आन् आमी बी." तिळाला तेल असतं हे मला काय कुणी सांगायला हवं? पण ते माझ्या डोक्यातच आलं नाही. मला त्या दिवशी परत पाठवलं. ऋतुराजनं सुट्टी काढली होती, ती वाया गेली. मी मागच्या सीटवर एका कुशीवर पडून खिडकीतून विजेच्या तारा बघत आले.

आत जाताना अंगावर काही ठेवू देत नाहीत. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र, पिन, सगळं काढायचं. पहिल्या दिवशी मंगळसूत्र काढायला माझा हात उठेना. यांनीच मागचा फासा सोडवला आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. मी बाहेर येईपर्यंत हे खिशावर हात ठेवून बाकड्यावर बसलेले असतात. बायका विचारतात, काका, छातीत दुखतंय का? संक्रांतीला आख्खं जग हातभर चुडा भरतं, आणि मी मोकळ्या हातानं त्या नळीत पडून होते. रडले थोडी. आत रडलं तर बाहेर ऐकू जातं, हे मागाहून कळलं.

गाऊन देतात तो मागून उघडा, दोन नाड्यांचा. निव्वळ सुती असतो, दुसरं कापड चालत नाही. ज्या जागेसाठी मी जन्मभर नऊ निऱ्या घातल्या तिथंच नेमका उघडा. काय बोलावं?

आक्का, माझ्या मोठ्या जाऊबाई, असत्या तर हे झालंच नसतं. बायांच्या सुया त्याच द्यायच्या. तुमची बायको गेली आणि तुम्ही बायांना दंडातच सुई द्यायला लागलात, ते सगळ्या गावाला माहीत आहे. माझी उसण दंडावर भागणारी नव्हती, एवढंच.

चिडून लिहिलं आहे. पण फाडत नाही.

दगडाबाई

२ फेब्रुवारी

पिशवी मिळाली. चिठ्ठी नव्हती, पण वरची घडी उलगडली आणि कळलं. आक्कांची लुगडी. ते जांभळ्या काठाचं त्या एकादशीला नेसायच्या. किती धुतली तुम्ही? लोण्यासारखी मऊ झाली आहेत, आणि कापूर घालून ठेवल्याचा वास अजून आहे.

प्रेरणानं त्यांचे दोन झगे शिवले. आमची सून बोलायला फटकळ, पण शिलाई सरळ. मागून बंद, बाजूनं नाडी, ड्रेसिंगपुरतं उघडेल असे. कापराचा वास जावा म्हणून तिनं ते पुन्हा दोनदा नुसत्या पाण्यातून काढले. करुणा सिस्टरनी शिवणीतला एक धागा ओढला आणि बाहेर जाऊन काडी लावली. राख झाली, गोळी झाली नाही. "चालतंय मावशी, खरं सुती हाय." म्हणजे आता रोज आक्का माझ्याबरोबर आत येतात. पहिल्यांदाच मी आत झोपले. इतकी झोपले की दार उघडल्यावर सिस्टरनी हलवून उठवलं.

आता दुसरं.

प्रेरणाचा भाऊ अभय, तो वकील आहे, तो येऊन गेला. ऋतुराजला तुमच्यावर तक्रार करायची आहे. तुमची डॉक्टरकीची सनद काढून घ्यावी म्हणतो. अभयनं माझ्यासमोर खुर्ची ओढली, अगदी अदबीनं. "ताई, इंजेक्शन देताना डॉक्टरांचं लक्ष कुठं होतं? त्यांनी जागा पाहिली होती का?"

मी म्हटलं, आठवत नाही.

खोटं बोलले. मला सगळं आठवतं. हे बाहेर उभे होते. मी पडद्याआड टेबलावर पडले, पदर तोंडावर ओढला आणि लुगडं बोटभर सरकवलं, त्याहून जास्त नाही. तुम्ही आत आलात आणि यांना बाहेर विचारलंत, "सर्जा, कुठल्या बाजूला दुखतंय विचार." यांनी मला विचारलं. मी यांना सांगितलं. यांनी तुम्हाला सांगितलं. चार हातांवर तुम्ही आणि मी, आणि मध्ये पडद्याबाहेर हे टपाल पोचवत होते. मग पदराच्या विरळ कापडातून मला दिसलं. तुम्ही मान फिरवलीत. भिंतीवर खताच्या कंपनीचं कॅलेंडर होतं, बैलजोडीचं. तुम्ही त्या बैलांकडे बघत चाचपून सुई दिलीत. नंतर निळं पडलं तेव्हाही बघितलं नाहीत, शेक सांगितलात.

मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे खरं. माणूस किती मर्यादेचा आहे, असं वाटलं.

आता सांगा, काय लिहून देऊ? पाहिलं नाही म्हणावं, तर तुमची सनद जाते. पाहिलं म्हणावं, तर मोठ्या दिरानं भावजयीला पाहिलं म्हणून गाव तोंडसुख घेईल, आणि ते खोटंही आहे. इकडे आड, तिकडे विहीर. अभय पुन्हा येणार आहे.

तुमचं उत्तर येईल असं वाटत नाही. पण लुगडी आली, त्यावरून पत्रं वाचता हे कळलं.

दगडाबाई

२० फेब्रुवारी

मी थकले. खरंच थकले. रोज तीच गाडी, तोच जिना, तीच नळी. कान आता दुखत नाहीत, बधिर झाले असावेत. तोंडाला चव नाही. हे माझ्यासमोर हसतात आणि स्वयंपाकघरात जाऊन नाक पुसतात, भिंत एवढीशी आहे, सगळं ऐकू येतं.

अभय येऊन गेला. कागद छापूनच आणला होता, माझ्या सहीपुरता. ऋतुराज दाराला टेकून उभा. मी म्हटलं, "लिही. डॉक्टरांनी पाहिलं नाही." अभयनं मान डोलावली. मी म्हटलं, "आता पुढं लिही. त्यांनी पाहिलं असतं तर मी टेबलावरून उठून घरी गेले असते. उसण घेऊन गेले असते, पण दाखवलं नसतं. हे पण लिही."

अभय म्हणाला, "ताई, दुसऱ्या वाक्यानं केस कमजोर होईल."

"मंग होऊ दे. दोन्ही लिहायचं. नायतर सही नाय."

ऋतुराज ओरडला. आजवर माझ्यावर कधी ओरडला नव्हता. "आई, तुझं मांस सडलं! आन् तू त्यांची बाजू घेती? ते एकदा तरी आले का बघायला?"

त्याचं हे शेवटचं मात्र खरं आहे. तो न जेवता कंपनीत गेला. कागद अभयच्या बॅगेत तसाच आहे, सहीवाचून.

मी तुमची बाजू घेत नाही. तुम्ही चुकलात. निळं पडलं असं कळल्यावर तरी यायला हवं होतं, कुलूप घालून बसायला नको होतं. पण ऋतुराजला वाटतं तुम्ही निष्काळजी होता म्हणून पाहिलं नाही. ते मला सही करून खरं करता येत नाही.

आणि ज्या अब्रूपायी हे सगळं झालं तिचं काय झालं ते ऐका. परवा मोठे डॉक्टर आले, सोबत शिकाऊ पोरं-पोरी, बोट दाखवून त्यांना समजावलं, ही कड बघा, हा तळ बघा. सगळ्यांनी वाकून बघितलं. मी उशीत तोंड घालून पडले होते आणि मनात म्हटलं, दगडे, परक्या पोरांनी पाहिलं, आता लाजायला कोण उरलं? ज्यानं पहिल्यांदा पाहायचं होतं तेवढ्यानंच पाहिलं नाही.

फक्त मी पाहिलेलं नाही. मान तिथवर वळत नाही. प्रेरणा मोबाइलवर फोटो काढते, तो दाखवते. लाल लाल दिसतं. त्यात काय चांगलं आणि काय वाईट हे मला कसं कळणार? "छान भरतंय आई," ती म्हणते, आणि म्हणताना माझ्याकडे बघत नाही. हे म्हणतात, छान. सिस्टर म्हणतात, छान. डॉक्टर म्हणतात, बघू पुढच्या आठवड्यात. सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात सगळे असेच छान म्हणत होते. तुम्ही एकट्यानं ओसरीवर येऊन सांगितलंत, "आई चार-आठ दिवसांच्या सोबतीला हाय, लेकींना बोलवा." तेव्हा मी आतून तुमच्यावर चिडले होते. पण लेकी वेळेवर पोचल्या, त्यांनी आईला पाणी पाजलं.

मला तेवढं हवं आहे. कुणीतरी नीट बघावं आणि खरं सांगावं. कातडी काढणार असतील तर काढू देत, पण मला अंधारात ठेवू नका.

तुम्ही या. ड्रेसिंग घरीच होतं, सकाळी. लाजू नका, मी लाजून घेतलं आहे दोघांच्या वाटणीचं.

दगडाबाई

९ मार्च

दादा,

आज मायना घातला. सकाळी तोंडातून तो शब्द निघालाच होता, आता परत घेता येत नाही.

तुम्ही एवढ्यात घरी पोचला असाल. बोललो ते थोडं, राहिलं ते जास्त, म्हणून लिहायला बसले. बसले म्हणजे उजव्या अंगावर, उशी लावून. बसता येतं आता थोडं.

ऋतुराजनं दार उघडलं, पण तुमच्या हातातली पिशवी घेतली नाही आणि खाली निघून गेला, त्याचं मनावर घेऊ नका. तुम्ही गेल्यावर त्यानं पिशवी उघडून बघितली. त्यात देवगावची शेवटच्या हुरड्याची कणसं बघून त्यानं विचारलं, "मोठे बाबा बसने आले का?" मी म्हटलं, हो. "एवढ्या उन्हाचं?" कागदाचा विषय त्यानं काढला नाही. त्याचा राग अजून संपलेला नाही, आणि मी त्याला घाई करणार नाही.

तुम्ही बाहेर खुर्चीत बसलात आणि यांना म्हणालात, "सर्जा, विचार, ताप येतोय का?" हे आत आले, तोंड उघडणार तेवढ्यात माझं डोकं तडकलं. पुन्हा तेच टपाल! मी आतूनच ओरडले, "दादा, ताप नाय. मीच सांगते. हिकडं या." मला वाटलं तुम्ही उठून जाल. मग नळाखाली हात धुतल्याचा आवाज आला.

मी तोंडावर पदर घेतला नाही. भिंतीकडे तोंड केलं, पण उघडं. तुम्ही चष्मा लावलात, प्रेरणाला म्हणालात, "पोरी, दिवा जवळ धर," आणि वाकलात. तुमचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, रडताय की काय. मान वळवून बघितलं. नव्हता रडत. शेतातलं पाणी कुठं मुरतंय ते वाकून शोधावं, तसे बघत होता. कडेनं बोट फिरवलंत, दाबून विचारलंत, "इथं कळतंय का? इथं?" मलाच विचारलंत. कळतंय, म्हटलं. इथं नाही, म्हटलं.

मग म्हणालात, "खालून चांगली भरलीय. चेंबरचा गुण आलाय. पण वरच्या अंगाला खिसा राहिलाय, तो आपसुक भरायचा नाय. थोडी कातडी लावावी लागल. लावून घ्या. भ्यायचं काम नाय."

प्रेरणा रडायला लागली. ती आठवडाभर तेच लपवत होती, डॉक्टरांनी तिला आधीच सांगितलं होतं. मला मात्र हलकं वाटलं. खरंच सांगते. इतके दिवस सगळे छान छान म्हणत होते आणि मला जेवण जात नव्हतं. तुम्ही वाईट सांगितलंत आणि मी दुपारी दोन भाकरी खाल्ल्या.

पुढं तुम्ही म्हणालात, "चुकलं माझं." ते म्हणताना पुन्हा भिंतीकडे बघितलंत. आमच्या भिंतीवर नुसता कोयरीचा पडदा आहे, तिथं बघण्यासारखं काही नाही. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. आता लिहिते: हो, चुकलं. तुमचं चुकलं, आणि ज्या रीतीत आपण दोघं वाढलो तिचंही चुकलं. तिला कुणी तक्रारीत घालत नाही. मी तुमच्यावर रागावले होते, अजूनही रात्रीची कूस बदलताना रागावते. पण आज तुम्ही बघितलंत.

पंधरवड्यात कातडी लावतील. मग टाके काढायचे. ते मी इथं काढणार नाही. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, जखम नीट असली तर तुमच्या गावच्या डॉक्टरांनी काढले तरी चालतील. तर मी देवगावला येणार आहे, बसनं, उभी राहून यावं लागलं तरी. दवाखाना उघडून ठेवा. केर काढा, टेबल पुसा, बायांसाठी कुणी बाई ठेवता आली तर ठेवा, नाहीतर मीच पडद्याआड बसून त्यांना सांगत जाईन की डॉक्टरांना दाखवा, काही होत नाही, न दाखवून काय होतं ते मला विचारा.

आणि ते बैलजोडीचं कॅलेंडर भिंतीवरून काढून ठेवा.

तुमची भावजय,
दगडाबाई